गाडी तापवून आणा

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची सकाळ. गाडी धुऊन पुसून झाली होती. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाची बोटं, पुढच्या चाकाशी फोडलेला नारळ. खोबऱ्यासाठी सोसायटीतली चार पोरं ताटकळत उभी. आता रिवाजाप्रमाणे एक फेरी मारायची म्हणून मी चावी फिरवली, बटण दाबलं आणि माझी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल म्हणाली, टक-टक-टक-टक. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. हार घातलेली गाडी मी ढकलत परत पार्किंगमध्ये नेत होते, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी गॅलरीतून विचारलं, "बॅटरी बसली का गं?"

बसली होती. सव्वादोन वर्षांतली तिसरी.

पहिली गाडीबरोबर आलेली, पंधरा महिने चालली. दुसरी नऊ महिने. तिसरी ऑगस्टमध्ये बसवली होती, तिने दसराही गाठला नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी कारण सांगितलं होतं. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर: "मॅडम, तुम्ही गाडी कमी चालवता." बॅटरीच्या दुकानात: "हल्ली मालच पूर्वीसारखा येत नाही." धाकटा भाऊ फोनवर: "जास्त अँपिअरची टाक, विषय संपव." तिघांच्याही बोलण्यात ठामपणा होता. तिघांपैकी एकानेही गाडीला मीटर लावला नव्हता.

दीड-दोन हजारांची वस्तू, अर्ध्या तासात बदलून मिळते, त्यामुळे आपण सगळेच बॅटरीला फार लवकर दोषी ठरवतो. मीही दोनदा ठरवलं. चौथी मात्र कारण कळल्याशिवाय घ्यायची नाही, असं त्या दिवशी हार काढता काढता ठरलं, आणि पुढचा महिनाभर माझे शनिवार नाना पेठेत गेले.

* * *

त्या टक-टकीलाही अर्थ असतो. बटण दाबलं की बॅटरीतला करंट आधी एका छोट्या रिलेला ओढतो. रिले आपले तांब्याचे संपर्क जोडतो, आणि मग सेल्फची मोटर बॅटरीच्या अंगावर येते. ही मोटर पहिल्या क्षणी शंभर अँपिअरच्या आसपास मागते. अशक्त बॅटरीला तो दणका सोसत नाही, व्होल्टेज कोसळतं. ते कोसळलं की रिले सुटतो, रिले सुटला की बोजा उतरतो, बोजा उतरला की व्होल्टेज वर येतं आणि रिले पुन्हा ओढला जातो. एका सेकंदात हे अनेकदा होतं, तीच टक-टक. एकदाच 'टक' होऊन हेडलाइट तसाच प्रखर राहिला, तर संशय रिलेच्या संपर्कांवर किंवा मोटरच्या कार्बनवर घ्यावा. काहीच आवाज आला नाही, तर फ्यूज, क्लचचा स्विच, साइड स्टँडचा स्विच बघावा, किंवा उजव्या हातापाशी असलेलं, इंजिन बंद करायचं लाल बटण. त्या लाल बटणाविषयी मी जास्त लिहिणार नाही. एकदा दहा मिनिटं ढकलगाडी केल्यावर एका शाळकरी मुलाने ते माझ्यासाठी सरळ करून दिलं होतं.

वडिलांच्या चेतकला ही कटकट नव्हती, कारण तिला बॅटरीच नव्हती. दिव्याला वीज थेट मॅग्नेटोतून. सिग्नलला थांबलं की दिवा पिवळा पडायचा, रेस दिली की उजळायचा. सुरू होत नसली की वडील तिला एका अंगावर आडवी करत, सरळ करत आणि किक मारत. याने नेमकं काय होतं हे त्यांना विचारायची हिंमत घरात कुणाची नव्हती. पुढे ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली आणि बटणाने गाडी सुरू करण्याची चैन पुण्यातल्या मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली, पण तिलाही किक होतीच.

ती किक आता बऱ्याच गाड्यांना नाही. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत कायम पेटलेला असतो, बंद करायचं बटणच काढून टाकलं आहे. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आलं आणि बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. म्हणजे पेट्रोलचा पंप विजेवर, पेट्रोल किती सोडायचं हे ठरवणारा संगणक विजेवर, ठिणगी विजेवर. पूर्वी उतारावर गाडी सोडून दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की काम व्हायचं. आता बॅटरी पार मेलेली असेल तर पंप हलतच नाही, मग उतार कात्रजचा असला तरी उपयोग नाही. बॅटरीचं वजन गाडीत एवढं वाढलं, पण तिची नाडी दाखवणारी गोष्ट मात्र गेली. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर एक छोटा अँमीटर असायचा. दिवा लावून गाडी संथ ठेवली की काटा डावीकडे, रेस दिली की उजवीकडे. बॅटरीत भर पडतेय की घट होतेय, हे चालवणाऱ्याला नुसत्या नजरेने कळायचं.

* * *

नाना पेठेत दुचाकीचं काय मिळत नाही, हा प्रश्न विचारायचा नसतो. आरशापासून चेनस्प्रॉकेटपर्यंत सगळं टांगलेलं, मांडलेलं, पोत्यात भरलेलं. मी आधी बॅटरीच्या दुकानात गेले, वॉरंटीचं कार्ड घेऊन. काउंटरवरच्या मुलाने बॅटरी दोन तास चार्जिंगला लावली, काढल्या काढल्या मीटर टेकवला आणि म्हणाला, "बारा पॉइंट नऊ. ओके आहे. वॉरंटीत बसत नाही."

आकडा खरा होता, निष्कर्ष घाईचा होता. चार्जरवरून काढल्या काढल्या बॅटरीच्या पट्ट्यांच्या वरवरच्या थरात जो भार असतो, तो पहिला तासभर मीटरला फसवतो. निदान काही तास तिला तशीच राहू द्यावी, किंवा मिनिटभर हेडलाइट लावून तो वरचा थर उतरवावा, मग मोजावं. आणि नुसतं मोजून भागत नाही. सेल्फ मारतानाचं व्होल्टेज बघावं लागतं. धडधाकट बॅटरी त्या दणक्यातही साडेनऊच्या वर राहते. विश्रांतीत साडेबारा दाखवणारी बॅटरी दणक्यात सातावर आली, तर ती आतून पोकळ झालेली असते. हे मुलाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. माझ्या पाठीमागे गिऱ्हाईक उभं होतं आणि वॉरंटीचा दावा भरायचा म्हणजे अर्धा तास गेला असता.

तिथून दोन गल्ल्या पलीकडे, भवानी पेठेकडे वळताना एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल, भिंतीवर वायरींचे गुंडाळे आणि टेबलाशी मॅग्नेट कॉइल भरायचं जुनं हातयंत्र. वय सत्तरीच्या जवळ. परिसरात सगळे त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हटलं. मी बॅटरी टेबलावर ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, "ती राहू द्या ताई. आधी सांगा, गाडी उभी राहून बसते का चालून बसते?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी उलगडून सांगितला. रात्री नीट चालवून आणून लावली, दोन-चार दिवस हात लावला नाही आणि मग सुरू होत नाही, ही एक तऱ्हा. सकाळी झटकन सुरू होते, तासभर चालते, चहाला थांबलो आणि परत सुरू करताना बसते, ही दुसरी. पहिलीत पाणी झिरपतंय किंवा टाकीला तडा आहे. दुसरीत टाकीत पाणी चढतच नाही. पाण्याच्या टाकीची उपमा त्यांचीच. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. टाकी सारखी रिकामी होते म्हणून कुणी नवी टाकी आणत नाही. आधी मोटर बघतो, मग गळका नळ शोधतो, टाकीच्या तळाकडे सगळ्यात शेवटी बघतो.

मी आठवून आठवून सांगितलं. दसऱ्याला उभी राहून बसली. त्याआधी जुलैमध्ये मात्र वाईहून येताना खेड शिवापूरला चहा घेतला आणि तिथे बसली. काका हसले. "दोन्ही? मग चोरही दोन असतील."

तेव्हा मला ते बोलणं गमतीचं वाटलं.

* * *

पहिलं काम टाकीचं. बॅटरी त्यांनी ठेवून घेतली आणि संथ चार्जरला लावली. माझी आठ अँपिअर-तासांची, म्हणून पाऊण-एक अँपिअरने, रात्रभर. घाईने जास्त करंट दिला की बॅटरी तापते आणि सीलबंद बॅटरीत गेलेलं पाणी परत घालता येत नाही. मग एक दिवस कशालाही न जोडता फळीवर. दुसऱ्या दिवशी मीटरने १२.८ दाखवलं. तिसऱ्या दिवशीही जवळपास तेवढंच.

आकड्यांचं हे कोष्टक मी आता पाढ्यासारखं म्हणू शकते. बारा व्होल्टची म्हणतात ती बॅटरी म्हणजे सहा कप्पे एकाला एक जोडलेले, प्रत्येकात साधारण २.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.८. बारा पॉइंट दोनला ती अर्धी रिकामी असते आणि नेमक्या बारावर पाऊणहून अधिक संपलेली. नाव बारा व्होल्टचं म्हणून बारा दिसले की लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. साडेदहाच्या आसपास अडकून बसली, कितीही चार्ज केली तरी वर येत नाही, तर सहापैकी एक कप्पा गेला. मेकॅनिक त्याला 'सेल बसला' म्हणतात. त्यावर इलाज नाही.

माझ्या बॅटरीचा एकही सेल बसला नव्हता. "हिचा काही दोष नाही," काका म्हणाले, आणि मला त्या दुकानातल्या कचऱ्यात गेलेल्या आधीच्या दोघी आठवल्या.

दुसरं काम गळका नळ शोधण्याचं. बॅटरी गाडीत बसवली, चावी बंद. ऋण बाजूची, म्हणजे अर्थची केबल सोडवली आणि केबल व बॅटरीचा खांब यांच्यामध्ये मीटर घातला, अँपिअर मोजण्याच्या खाचेत वायर सरकवून. आता गाडी जे काही चोरून पीत असेल ते मीटरमधून जाणार. इथे दोन पथ्यं आहेत. मीटर मध्ये असताना सेल्फचं बटण दाबायचं नाही, नाहीतर शंभर अँपिअर मीटरमधून जायला बघतात आणि मीटरचा फ्यूज उडतो. आणि जोडल्याबरोबर आकडा वाचायचा नाही. गाडीतला संगणक झोपायला थोडा वेळ घेतो.

मिनिटभर थांबलो. आकडा स्थिरावला: ३८ मिलिअँपिअर.

"दोन असायला पाहिजे," काका म्हणाले. घड्याळ, संगणकाची आठवण वगैरे मिळून नव्या गाडीला एक-दोन मिलिअँपिअर लागतातच, त्याने महिनाभरात दीड अँपिअर-तासही जात नाही. अडतीसचा हिशेब त्यांनी खडूने शटरवरच केला. गुणिले चोवीस, म्हणजे दिवसाला ०.९ अँपिअर-तास. आठची बॅटरी. पाच दिवस उभी राहिली तर अर्ध्याहून जास्त गेली, सात दिवसांत गाडी सुरू होण्याची आशा संपली. नवरात्रात मी आठवडाभर गावी होते.

मग फ्यूज एकेक काढायचे आणि मीटरकडे बघायचं. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या वाटेवर चोर. पहिला काढला, ३८. दुसरा, तिसरा, ३८. सगळे काढून झाले तरी फारसा फरक नाही. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे ही वायर कंपनीची नाही. बॅटरीवरून थेट काय घेतलंय ताई?"

हँडलवर मोबाइल चार्जिंगचं सॉकेट होतं. गाडी घेतल्यावर आठवड्याभरात एका दुकानातून बसवलेलं. त्याच्याभोवती निळा दिवा असतो, चोवीस तास. रात्री अंधाऱ्या पार्किंगमध्ये तो दिसायचा आणि मला आवडायचा. बसवणाऱ्याने वायरिंगमध्ये हात घालायचा कंटाळा करून त्याची तार सरळ बॅटरीच्या खांबाला नेली होती. आत बारा व्होल्टचे पाच करणारं सर्किट आहे, तेही मोबाइल लावलेला नसला तरी जागंच. सॉकेट सुटं केलं, मीटर १.६ वर आला. एक छोटा रिले घालून त्याची तार चावीच्या पुढे नेली. एकूण खर्च तीनशे रुपयांच्या आत.

अशी गळती शोधायच्या जुन्या युक्त्याही काकांनी सांगितल्या. मीटर नव्हता तेव्हा मेस्त्री मध्ये बल्ब लावत. बल्ब पेटला तर गळती. पण ३८ मिलिअँपिअरला बल्बची तार लालसुद्धा होत नाही, तेव्हा नव्या गाडीला हे चालत नाही. दुसरी युक्ती तर त्यांनी हात झटकूनच सांगितली. गाडी चालू असताना बॅटरीची केबल काढायची. गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक, असा समज आहे. बॅटरी ही गाडीच्या विजेची गादीही असते, चढउतार झेलणारी. ती एकदम काढली तर उसळलेलं व्होल्टेज सरळ संगणकावर जातं. अनेक गॅरेजांत अजून हे करतात.

* * *

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. चोर सापडला, मी पेढे वाटले. अकराव्या दिवशी सासवडला गेले, येताना दिवे घाट उतरून पेट्रोल भरायला थांबले, आणि पंपावर टक-टक-टक. रांगेत मागे दहा गाड्या.

काकांना फोन केला तर ते जराही चकित झाले नाहीत. "चालून बसली ना? तो दुसरा."

आता टाकी भरणारी मोटर बघायची. मोटरसायकलच्या इंजिनाबरोबर चुंबक फिरतं, आत स्थिर कॉइलची चकती, तिला स्टेटर म्हणतात. तिथून तीन पिवळ्या वायरी निघतात, त्यांत उलटसुलट वाहणारी वीज. ती एका पंख असलेल्या अॅल्युमिनियमच्या डबीत जाते. हा रेग्युलेटर-रेक्टिफायर, गॅरेजच्या भाषेत 'आरआर'. तो वीज एका दिशेची करतो आणि व्होल्टेज साडेचौदाच्या आत अडवतो. अनेक गाड्यांत हा अडवण्याचा मार्ग अगदी अडाणी आहे. जास्तीची वीज तो आपल्यातच जिरवून उष्णता करतो. म्हणून त्याला पंख, आणि म्हणून त्याच्यावर बॅग, पावसाळी कव्हर, कापड लटकवू नये.

मीटर बॅटरीवर लावून रेस दिली. चार हजार फेऱ्यांना १४.२ व्होल्ट. पुस्तकात लिहिलंय तसं. सर्व्हिस सेंटरने दोनदा 'चार्जिंग ओके' लिहून दिलं होतं, ते खोटं नव्हतं म्हणायचं. मी हताश होऊन म्हटलं, "हे तर ठीक आहे."

"थंडीत सगळेच शहाणे असतात," काका म्हणाले. "गाडी तापवून आणा. खडकवासल्यापर्यंत जा आणि न थांबता या. बंद करू नका."

शनिवार दुपार, सिंहगड रोड. मी ती वाट रागाने पार केली. परत येऊन गाडी चालूच ठेवली. हेडलाइट पेटलेला, मी हौसेने लावलेले दोन फॉग लॅम्पही काकांनी लावायला सांगितले. मीटर टेकवला, चार हजार फेऱ्या: १२.४. बघता बघता १२.३. बॅटरी भरत नव्हती, खर्च होत होती. सकाळी १४.२ दाखवणारी तीच गाडी, तोच मीटर, तेच खांब.

सीट, बाजूचं पॅनल निघालं. पिवळ्या वायरींचा कपलर, म्हणजे प्लास्टिकची ती जोडणी, काकांनी दोन बोटांत धरली आणि सोडली. इतकी तापली होती. उघडल्यावर आत मूळचं पांढरं प्लास्टिक चहाच्या कपबशीच्या तळासारखं झालेलं. तीनपैकी एक पिन काळी आणि तिरकी, दुसरीभोवती हिरवट बुरशीसारखा तांब्याचा गंज.

काय घडलं असेल, ते सरळ आहे. पिन थोडी सैल, किंवा गंजलेली. सैल जोडणीला थोडा अवरोध. समजा फक्त एक दशांश ओहम. त्यातून दहा अँपिअर गेले की दहा वॅट उष्णता, शेंगदाण्याएवढ्या जागेत. गरम झाली की पिनेची स्प्रिंग मऊ पडते, पकड आणखी सैल होते, अवरोध वाढतो, आणखी तापते. थंड असताना पिना कशाबशा टेकलेल्या असतात, म्हणून गॅरेजमध्ये १४.२. वीस मिनिटं चालवली की एकीचा संपर्क सुटतो आणि तीन वायरींची वीज दोघींवर येते, त्याही धड नाहीत. खेड शिवापूर, दिवे घाट. दोन्ही वेळी गाडी पुरती तापलेली होती. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ती नेहमी रात्रभर थंड झालेली तपासली गेली.

मला वाटलं झालं, कपलर बदला. काका थांबले नाहीत. जळलेलं दिसलं म्हणून तेच मूळ, असं ते मानत नाहीत. आग लावणारा दुसराच असू शकतो. गाडी गरम असतानाच स्टेटरच्या तीन वायरींतलं व्होल्टेज त्यांनी जोडीजोडीने मोजलं. तिन्ही जोड्या सारख्या, साठच्या आसपास. इथे आकड्यापेक्षा तिघींचं एकमत महत्त्वाचं. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळलेली. मग गाडी बंद करून प्रत्येक पिवळी वायर इंजिनाच्या धातूशी तपासली, तिथे संपर्क नको, नव्हता. आरआरही ठीक निघाला. मग शेवटी बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिन यांच्यामध्ये मीटर ठेवून सेल्फ मारायला लावला. या जाड केबलमध्ये व्होल्टेज हरवलं तर अर्थिंग खराब. पाव व्होल्टच्या आत हरवत होतं, म्हणजे बरं.

नवा कपलर, नव्या पिना, आत थोडं ग्रीस. पुन्हा खडकवासला. तापलेली गाडी, दिवे लावलेले: १४.१.

कपलरमध्ये पाणी कुठून गेलं, याचा काका माझ्याकडे बघत विचार करू लागले. दर पंधरा दिवसांनी मी गाडी प्रेशरच्या फवाऱ्याने धुऊन घेते. दसऱ्यालाही घेतली होती. रत्नागिरीकडचा एक मेस्त्री मला नंतर म्हणाला की खाऱ्या हवेत तर फवाऱ्याचीही गरज नसते, दोन पावसाळ्यांत कपलर आपोआप हिरवे होतात. तिकडे नवी गाडी आली की तो आधी सगळे कपलर उघडून ग्रीस भरतो.

* * *

राहिला प्रश्न आधीच्या दोघींचा. दोष त्यांचा नव्हता, तरी त्या मेल्या कशा? उत्तर १८५९ पर्यंत मागे जातं. त्या वर्षी गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे कापडाच्या पट्टीने वेगळे ठेवून गुंडाळले आणि गंधकाम्लात बुडवले. परत परत भरता येणारी ती पहिली बॅटरी. १८८१ मध्ये कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन तिची ताकद वाढवली. माझ्या सीटखालची काळी पेटी तत्त्वतः तीच आहे, फक्त आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून घेतलेलं. बॅटरी रिकामी होताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट साचतं, चार्ज करताना ते विरघळून परत जातं. मात्र रिकाम्या अवस्थेत ती आठवडेच्या आठवडे राहिली, तर या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होतात, मग चार्जर कितीही ढोसा, परत जात नाहीत. नळाच्या तोटीला क्षार चढतो तसं. माझ्या बॅटऱ्या दोन वर्षं अर्ध्यापोटी होत्या. चालताना पुरतं मिळत नव्हतं, उभी असताना निळा दिवा खात होता.

आणि 'गाडी कमी चालवता' याचं काय? हिशेब केला तर एकदा सेल्फ मारायला लागतं ते फार थोडं. शंभर अँपिअर दोन सेकंद, म्हणजे ०.०६ अँपिअर-तासांहून कमी, आठमधले. चार्जिंग धड असेल तर काही मिनिटांत भरून येतं. चार्जिंग धड नसेल तर कितीही चालवा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी रोज खाली जाऊन पाच-पाच मिनिटं गाड्या सुरू ठेवल्या. संथ फेऱ्यांवर, हेडलाइट आपोआप पेटलेला असताना, त्यातून बॅटरीला मिळालं ते नगण्यच. त्यापेक्षा ऋण केबल सोडून ठेवली असती तर बरं झालं असतं. आधी ऋणच का? पाना चुकून गाडीच्या सांगाड्याला टेकला तर ऋण बाजूला काही होत नाही. धन आधी सोडायला गेलात आणि पाना टेकला, तर पाना लाल होतो.

आधीच्या दोन्ही बॅटऱ्या मी नव्या घेताना दुकानात दिल्या होत्या, जुनीचे पैसे वजा करून. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम उत्पादकांवरच जबाबदारी टाकतात आणि शिसं वितळवून परत वापरता येतं, हे चांगलंच. पण वाटेत कुठल्या उघड्या भट्टीत ती फुटली, तर शिशाचा धूर आसपासच्या पोरांच्या रक्तात जातो. चुकीच्या निदानाचा हा खर्च बिलावर येत नाही, म्हणून इथे लिहिला.

* * *

दिवाळीनंतरचा शनिवार. मी काकांकडे फराळाचा डबा घेऊन गेले आणि बरोबर एक छोटा व्होल्टमीटर, बोटभर लांब, लाल आकड्यांचा. चारशे रुपये. मला जुन्या बुलेटचा काटा हवा होता, तो नाही तर हा. काकांनी उलटसुलट करून बघितला, दोन वायरी निघत होत्या, लाल आणि काळी. डब्यातली एक चकली मोडून तोंडात टाकली.

"कुठून घेऊ लाल?" त्यांनी विचारलं. "बॅटरीवरून सरळ घेतली तर पाच मिनिटांचं काम आहे."

"चावीच्या पुढून," मी म्हटलं.

काकांनी सोल्डरिंगचं लोखंड तापत ठेवलं आणि सीटचे बोल्ट सोडायला घेतले.